काळ्या डब्याचं कपाळ

थंडी पडली की बाकीच्यांना काय काय आठवतं. कुणाला हुरडा, कुणाला शेकोटी, कुणाला गोधडी. मला मात्र कच्च्या पेट्रोलचा वास आठवतो. आज सकाळी हॉस्टेलच्या खाली एक मुलगी तिची जुनी स्कूटर सुरू करायला झटत होती. बटण दाबायची, गाडी नुसती कण्हायची. मग तिने चोक ओढला, किक मारली, आणि तो वास वरच्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीपर्यंत चढून आला. मी तोंडात ब्रश तसाच धरून उभी राहिले. माझी रूममेट म्हणाली, "कोण आहे गं खाली? एवढं काय बघतेस?" मी म्हटलं, "बघत नाहीये, वास घेतेय." तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं काही सांगायचं मला सुचलंच नाही.

जे सांगायचं राहिलं ते इथे लिहिते आहे. मला असं लिहायची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मीच पहिली, आणि तीही इलेक्ट्रॉनिक्स शिकायला. आम्ही लिहितो ते प्रयोगवहीत: साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष. त्या थंडीतलं साहित्य आणि कृती मला सांगता येईल. निष्कर्ष काय काढायचा हे अजून नीट कळलेलं नाही.

मी तेव्हा दुसऱ्या वर्षाला होते आणि परीक्षेआधीची सुट्टी लागली म्हणून घरी आले होते. आमचं गाव ओझरच्या अलीकडे, हायवे सोडून आत. आमच्या रानात शेवंती आणि झेंडू, बांधापलीकडे दुसऱ्यांच्या द्राक्षबागा. मार्गशीर्ष चालू होता. त्या दिवसांत शेवंतीला उसंत नसते, गुरुवारच्या पूजेला नाशिकमध्ये घरोघरी फुलं लागतात. आई आणि मी फुलं तोडायला जायचो तेव्हा एकेका फुलात दव साठलेलं असायचं. बोटं इतकी बधिर व्हायची की फूल हातात आलं की नाही हे डोळ्यांनी बघावं लागायचं. थंडीने द्राक्षमणी तडकू नयेत म्हणून बागांमध्ये धूर केलेला असायचा. तो धूर जमिनीलगत सरकत आमच्याकडे यायचा आणि आईच्या केसांना, शेवंतीला, माझ्या पुस्तकांना, सगळ्यांना एकच वास लागायचा. वर ओझरच्या विमान कारखान्यातलं विमान चाचणीसाठी घिरट्या घालत असायचं. त्याच्याकडे आम्ही कुणी मान वर करून बघत नसू.

मान वर व्हायची ती आप्पांच्या गाडीच्या आवाजाने. आप्पा म्हणजे माझे वडील. त्यांची मोटरसायकल माझ्याहून पुष्कळ मोठी आहे. किती वर्षांची, असं कुणी विचारलं की आप्पा सांगतात, "हिच्या आधी आली घरात," आणि आईकडे बोट करतात. आई म्हणते, "म्हनून तर डोक्यावर बसलीय." गाडीला सिलिंडर एक आणि सायलेन्सर दोन. टाकी मरून रंगाची. कडेला क्रोम आहे, पण आप्पांचे गुडघे जिथे टेकतात तिथलं क्रोम झिजून खालचा पत्रा दिसतो. गिअर आणि किक एकाच दांड्यावर. दांडा आत दाबून मागे वळवला की तो किक होतो, मारून झाली की पुन्हा पुढे आणून गिअर. नवखा माणूस बिचारा दोन्ही बाजूंना वाकून किक शोधत राहतो. पाव्हण्यांची ही गंमत करणं हा आप्पांचा आवडता खेळ. "मारा ना किक," म्हणायचे आणि ओट्यावर बसून बघत राहायचे.

या गाडीवर मागे दोन टोपल्या ट्यूबने करकचून बांधून आप्पा रोज नाशिकच्या फुलबाजारात जात. लहान असताना मला वाटायचं की गाडी फुलांवर चालते. तिच्या धुराला तेलाचा आणि शेवंतीचा मिळून एक वास यायचा. तसा वास मला पुन्हा कुठेही आलेला नाही.

पण थंडीत ती रुसायची. कारण तिचे पॉइंट.

पॉइंट म्हणजे काय ते मला आधी पुस्तकातून कळलं नाही, आप्पांच्या नखांवरून कळलं. इंजिनाच्या उजव्या बाजूचं झाकण काढलं की आत दोन बारीक धातूचे ठिपके असतात, हरभऱ्याच्या डाळीएवढे. इंजिन फिरलं की ते एकमेकांना टेकतात आणि सुटतात. सुटताना प्लगमध्ये ठिणगी पडते. टेकून टेकून ते जळतात, काळे पडतात, दवाने ओलसर होतात. मग आप्पा पहाटे कंदिलासारखा मोबाईल दातांत धरून झाकण उघडत. आधी पॉलिश पेपरची पट्टी, मग जुन्या लग्नपत्रिकेचा चकचकीत कडक तुकडा दोन ठिपक्यांमधून ओढायचा, मग दाढीच्या ब्लेडने फट मापायची, मग फुंकर. आमच्या घरात लग्नपत्रिका कधी टाकून देत नसत. कुणाचं लग्न मोडलं, कुणाचं टिकलं, कुणाला नातवंडं झाली, सगळ्यांच्या पत्रिका आप्पांच्या पॉइंटमधून गेलेल्या. आई चिडवायची, "त्या पोरीच्या पत्रिकेनं गाडी लगेच उठली बघा. भाग्याची हाय."

आणि मग किका. थंडीत पंधरा, वीस, मोजत नव्हतं कुणी. आप्पा दोन-तीनदा मारत, थांबत, कान देत, काहीतरी पुटपुटत आणि पुन्हा मारत. ही गाडी फक्त त्यांच्या पायाचं ऐकायची. माझ्या मामाने एकदा पायाची पिंढरी सुजवून घेतली होती, तरी ती हूं की चूं नाही.

त्या वर्षी पावसाळ्याच्या शेवटी आप्पा विहिरीच्या कडेला घसरले आणि डावा गुडघा दुखावला. किक डावीकडेच असते. डॉक्टरांनी गुडघा दाबून बघितला आणि सांगितलं, "गाडी चालवा, पण किक मारायची नाही. पुन्हा झटका बसला तर ऑपरेशन." आप्पांनी मान डोलावली आणि घरी येऊन दुसऱ्या दिवशी किक मारली. आठवडाभर लंगडत होते. आई एक शब्द बोलली नाही, आणि आमच्या घरात तेच सगळ्यात वाईट असतं.

मग गावातला टेम्पो. तो सगळ्यांचीच फुलं नेतो, टोपलीवर नाव टाकून द्यायची की झालं. सोयीचं आहे, सगळे तेच करतात. पण टेम्पोत टोपली जाते, माणूस जात नाही. आप्पांची बाजारात एक ठरलेली जागा होती, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला. तिथे ते फुलं मांडत, गिऱ्हाइकांशी हुज्जत घालत, पुजाऱ्यांना चिडवत, शेजारच्या हारवाल्या मावशींचा चहा पीत आणि सगळ्या नाशिकच्या बातम्या घेऊन घरी येत. टेम्पो सुरू झाल्यापासून ते सकाळी ओट्यावर बसून राहायचे. नऊ वाजता आईला विचारायचे, "आता काय करू?" वीस-पंचवीस वर्षांत हा प्रश्न आईने ऐकलेला नव्हता. ती एकदा मला गोठ्यामागे नेऊन म्हणाली, "मला सवत चालंल, पर ह्यांचं हे नको बाई."

त्यातच नाशिकचे एक हौशी गृहस्थ गाडी बघून गेले. जुन्या गाड्या घ्यायच्या, चकचकीत करायच्या आणि बंगल्यात ओळीने उभ्या करायच्या, असा त्यांचा छंद. माणूस चांगला होता. पांढरे बूट घालून आमच्या शेणाच्या अंगणात आला तरी नाक मुरडलं नाही. मुलगी बघायला आल्यासारखा गाडीभोवती फिरला, नंबर बघितले, सायलेन्सरवर टिचकी मारली. "सगळं ओरिजिनल आहे काका. मला द्या, मी लेकीसारखी ठेवीन." येत्या रविवारी पुन्हा येतो म्हणाला. आप्पा म्हणाले, "बघू." आमच्याकडे 'बघू' म्हणजे जवळजवळ हो.

मी दोन दिवस बोलू की नको असं करत होते. तिसऱ्या दिवशी जेवताना बोलले.

"आप्पा, एक सांगू? पॉइंट नसलेली सिस्टिम येते आता. इलेक्ट्रॉनिक. जुन्या गाडीलाही बसवता येते. हलक्या किकने चालू होते म्हणतात."

"पॉइंट नाय तर ठिनगी कोन पाडनार? तू?"

आई भाकरी थापता थापता हसली.

"चुंबक पाडतं," मी म्हटलं. "चाकावर चुंबक फिरतं. शेजारी एक छोटी कॉइल असते. चुंबक तिच्यासमोरून गेलं की तिला कळतं, ती एका बंद काळ्या डब्याला सांगते, डबा ठिणगी पाडतो. कुणी कुणाला टेकतच नाही. म्हणून काही झिजत नाही, जळत नाही."

आप्पांनी घास खाली ठेवला. "न टेकता कळतं?"

"हो."

"तू शिकलीस हे?"

"शिकले. केलं नाही कधी."

हे मी सांगितलं कारण ते खरं होतं. सांगताना मात्र माझा आवाज खाली गेला. दोन वर्षांत मी पुस्तकातली कितीतरी सर्किटं काढली होती, पण घरातला साधा दिवाही दुरुस्त केला नव्हता. आप्पांनी मुठीने कांदा फोडला. मग म्हणाले, "रविवारपस्तोर बघ तुझं. थंडीत दोन किकमधी उठली तर ऱ्हाईल घरी. नाय उठली तर त्यो मानूस घेऊन जाईल, मी आडवा येनार नाय."

किट मागवलं ते माझ्या शिष्यवृत्तीतून. ते शनिवारी सकाळी कुरिअरने आलं. अभ्यासाची सुट्टी चालली होती. आई म्हणाली, "पेपर हाय ना तुझा?" मी म्हटलं, "हाच अभ्यास आहे." तिने माझ्याकडे एक डोळा बारीक करून बघितलं. हा डोळा ती फुलांच्या दलालाला दाखवते.

त्या शनिवारचं ऊन मला अजून अंगावर जाणवतं. थंडीतलं दहाचं ऊन, पाठ शेकणारं आणि पाय गारच ठेवणारं. अंगणात पोतं पसरलं. आप्पा पोत्यावर पाय लांब करून बसले, मी उकिडवी. उजवं झाकण काढलं तसा जुन्या तेलाचा, कोंदटलेल्या लोखंडाचा वास आला. पॉइंटचा स्क्रू मी सोडायला गेले तर आप्पांनी माझा हात बाजूला केला. "हे मी काढतो." त्यांनी ते दोन ठिपके सोडवले, लुंगीच्या टोकाने पुसले, उन्हात धरून बघितले, आणि लग्नपत्रिकेच्या एका तुकड्यावर ठेवले. मला वाटलं आता ते म्हणतील, ऱ्हाऊ दे. ते म्हणाले, "मोठा पाना दे."

जुन्या डायनामोचं, म्हणजे गाडीची वीज बनवणाऱ्या भागाचं, चाक निघता निघेना. त्याच्या मधोमध एक बोल्ट घालून आवळत जायचं, मग ते आपोआप सुटून येतं, असं मी वाचलं होतं. वाचलेलं आणि आवळलेलं यात फरक असतो. आम्ही दोघांनी मिळून पाना धरला, आप्पा म्हणाले, "व्हय म्हन गं बये," आणि टक् असा आवाज होऊन ते सुटलं ते थेट माझ्या मांडीवर.

नंतरचं काम वेळेचं. पिस्टन वर पोहोचायच्या किंचित आधी ठिणगी पडायला हवी, त्या जागेवर चुंबकाची खूण आणि कॉइलची खूण समोरासमोर आणायची. प्लग काढला, त्या भोकातून सायकलची तार आत सोडली. आप्पांनी गाडी गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू फिरवायला घेतलं. मी तारेकडे बघत होते. तार वर यायची, थबकायची, खाली जायची.

"वर येतेय. हळू. अजून. बस बस बस!"

"थांबलो."

"थांबला नाहीत, पुढे गेलात."

"चाक गेलं पुढं. मी नाय गेलो."

"मागे घ्या. अहो, तुम्ही एवढी वर्षं ब्लेडने मापलंत, आता..."

"ब्लेड बोलत नव्हतं मधी मधी."

असं आमचं किती वेळ चाललं देव जाणे. पण मला आठवत नाही की त्याआधी आप्पा आणि मी एवढा वेळ सलग बोललो होतो. ते मला कधी रागावले नव्हते की त्यांनी कधी शेजारी बसवलं नव्हतं. मी कॉलेजात गेल्यापासून तर मला थोडं पाव्हण्यासारखंच वागवत. फॅन लावून देत. त्या दिवशी त्यांनी माझ्या पाठीत कोपर मारून मला बाजूला सरकवलं. मला इतकं बरं वाटलं!

मधे आम्ही हात धुऊन चहाला उठलो. सगळं बसवून झालं होतं, फक्त काळा डबा बाकी होता. तो ओट्यावर उन्हात ठेवला होता. चहा पिऊन आलो, डब्याचं सॉकेट वायरींच्या सॉकेटमध्ये कट्टकन दाबलं, डबा टाकीखाली बांधला आणि मी किक मारली.

काही नाही.

पुन्हा मारली. पुन्हा. प्लग बाहेर काढून इंजिनाला टेकवून ठेवला आणि ठिणगी बघू म्हटलं, तर उन्हात काही दिसेना. मग आईने पदर पसरून आमच्यावर धरला. पदराखालच्या त्या निळसर अंधारात आम्हा तिघांची डोकी एकत्र, आईच्या अंगाला बागेतल्या धुराचा वास, आणि मधोमध तो प्लग. मी बसल्या बसल्या हाताने किक दाबत होते. प्लगवर अंधार तो अंधारच.

रस्त्याने शेजारचे शंकरमामा चालले होते, खताची गोणी डोक्यावर. थांबून म्हणाले, "काय आप्पा, इंजिनेरीनबाईंनी पोस्टमॉर्टम केलं का गाडीचं?"

"जित्ती हाय अजून. तू जा," आप्पा म्हणाले. पण त्यांचा आवाज पडला होता. थोड्या वेळाने, माझ्याकडे न बघता, "पॉइंट ठिवलेत मी. लागतील तर."

दुपार झाली. जेवले नाही. माझ्याकडे एक स्वस्तातला मीटर आहे, वायरींचं काय चाललंय ते दाखवणारा. तो घेऊन मी एकेक वायर तपासत बसले. एकेक बरोबर निघत होती, आणि बरोबर निघेल तशी मला जास्त भीती वाटत होती. चूक सापडत नव्हती म्हणजे चूक मीच होते. उद्या रविवार. पांढरे बूट येतील, आप्पा आडवे येणार नाहीत, आणि सोमवारपासून ते ओट्यावर बसून नऊ वाजता आईला विचारतील.

शेवटी एकच वायर राहिली. डब्यातून निघणारी ही वायर गाडी बंद करण्यासाठी असते. ती गाडीच्या लोखंडाला टेकली की ठिणगी थांबते. ती कुठेही टेकलेली नव्हती, तरी मीटरचा काटा टेकल्यासारखं दाखवत होता. मी सॉकेट ओढून उघडलं आणि आत बघितलं. आत पिवळं आणि लाल. ओलं.

"आई," मी हाक मारली. "हे काय आहे?"

आई पदराला हात पुसत आली. वाकून बघितलं. "हळद-कुंकू."

"आत?"

"मग? नवी वस्तू हाय. मोटारीला लावलं, ठिबकच्या पाइपाला लावलं, तुझ्या मोबाईलला लावलं. ह्याला नको? तुम्ही चहा पीत व्हता तवा लावलं."

"अगं पण आत कशाला?"

"बाहेरनं सगळा काळाच हाय तो! ह्याचं कपाळ कुठलं, मला काय म्हाईत? एका बाजूला बारीक बारीक डोळे दिसले. म्हटलं हेच तोंड असंल. मधी लावलं."

मग आप्पा हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग गुडघा धरून, "आई गं, दुखतंय, दुखतंय," म्हणत हसत राहिले. पावसाळ्यापासून मी त्यांना तसं हसताना बघितलं नव्हतं. आई आधी रागावली, "चांगलं केलं तर हसत्यात," आणि मग ती पण. मी सॉकेट हातात धरून रडत होते की हसत होते, ते मला नाही सांगता येणार.

चूक कुणाची म्हणायची? कुंकू ओलं होतं, ओल्यातून वीज वाहते, म्हणून डब्याला सारखं वाटत होतं की कुणीतरी त्याला बंद कर म्हणतंय. हे माझ्या पुस्तकात आहे. पण पुस्तकात डब्याला कपाळ नसतं, आणि आमच्या घरात कपाळ नसलेली वस्तू येत नाही. मी परीक्षेला बसले तेव्हा सर्किटच्या आकृतीतला प्रत्येक चौकोन बघून मला वाटायचं, याचं तोंड कुठलं?

सॉकेट साफ केलं आईनेच. देवासाठी वळलेल्या तिच्या फुलवातींतली एक वात तिने पेट्रोलमध्ये बुडवली आणि काडीच्या टोकाने एकेका 'डोळ्यातून' फिरवली, बाळाचे कान पुसावेत तशी. मग सॉकेट तुळशीपाशी उन्हात ठेवलं. आम्ही तिघंही त्याच्याकडे बघत बसलो. भाकरी तिथेच बसून खाल्ली.

पुन्हा पदर, पुन्हा तीन डोकी. मी किक दाबली आणि प्लगच्या टोकावर निळी, जाड, टच्च आवाजाची ठिणगी पडली. तिन्ही डोकी एकदम मागे झाली, माझं आणि आप्पांचं आपटलं. "बाप रे," आप्पा म्हणाले. "पॉइंटची पिवळी असायची. ही तर येल्डिंगवानी हाय."

प्लग बसवला. ऊन कलत आलं होतं, गारवा पुन्हा पायांत शिरत होता. आप्पांनी चोक ओढला, कार्ब्युरेटरची गुंडी दाबून पेट्रोल सांडवलं. तो वास आला. तोच, ज्याने आज मला खिडकीत उभं केलं. आप्पा सवयीने डावा पाय उचलत होते. मी त्यांचा दंड धरला. माझी पिंढरी आधीच सुजलेली. आई म्हणाली, "सरका दोघं बी." तिने नऊवारी वर खोचली, दांडा आत दाबून मागे वळवला. ती हे एवढी वर्षं रोज बघत होती हे आमच्या कुणाच्या लक्षातच नव्हतं. आणि तिने किक मारली.

गाडी खोकली.

आईने दुसरी मारली आणि गाडी उठली.

दोन्ही सायलेन्सरमधून धुराचे लोट निघाले, कोंबड्या उकिरड्यापलीकडे पळाल्या. आप्पांनी हळूहळू चोक आत सारला. गाडी थरथरत, एकसारखी, कुठेही न अडखळता चालत राहिली. त्यांनी टाकीवर हात ठेवला आणि कान दिला. तसाच, जसा ते पहाटे देत. पण ऐकण्यासारखं काही राहिलं नव्हतं. काही चुकत नव्हतं.

"आता ही कुनाचं बी ऐकती," ते म्हणाले.

मी घाबरून त्यांच्याकडे बघितलं. मला वाटलं मी त्यांचं काहीतरी काढून घेतलं. पण ते आईकडे बघत होते, आणि आई खोचलेली साडी सोडायचं विसरून गाडीकडे बघत होती.

रविवारी ते गृहस्थ आले. झाकण उघडून बघितलं आणि कळवळले, "अहो काका! ओरिजिनल पॉइंट काढले? काय केलंत हे!"

"ओरिजिनल गुडघा पन नाय ऱ्हायला," आप्पा म्हणाले. "बसा, चहा घ्या."

तरी त्यांना गाडीचा आवाज ऐकायचा होता. सकाळची वेळ, सीटवर दवाचे थेंब. आप्पांनी घराकडे तोंड करून हाक मारली, "अगं, जरा गाडी चालू करून दे गं!" आई पिठाचे हात तसेच घेऊन आली, एक किक, दुसरी, गाडी चालू. "भाकरी करपंल माझी," म्हणत ती आत पळाली. ते गृहस्थ कपबशी हातात धरून दाराकडे बघत राहिले. जाताना आप्पांनी त्यांच्या गाडीच्या मागच्या सीटवर शेवंतीची एक आख्खी टोपली ठेवली. "गाडी ऱ्हाऊ द्या. फुलं न्या." सोमवारी आईने अंधार फिटायच्या आत किक मारली आणि आप्पा बाजाराला गेले. परत आले ते बारा वाजता, चहाने पोट भरलेलं, आणि कोणत्या पुजाऱ्याचं कुणाशी वाजलं ते सांगत.

मग रोजचं तेच झालं. आईने चालू करायची, आप्पांनी बसायचं. पुढच्या थंडीत एक दिवस आई म्हणाली, "चालू मी करायची आन् बसायचं दुसऱ्यानं, हे बरं हाय!" आप्पा म्हणाले, "मग बस की." ते गंमतीत म्हणाले. आईने गंमत घेतली नाही. उन्हाळाभर शेताच्या रस्त्यावर ती शिकली, दोनदा झेंडूत गेली, शंकरमामांच्या बांधावरून एकदा. तिचं लायसन्स आलं तेव्हा तिने ते घरात फिरवून सगळ्यांना दाखवलं. मला वाटतं आमच्या घरात माझ्या दहावीच्या निकालानंतर एवढं कौतुक त्याचंच झालं असेल.

लिहिता लिहिता संध्याकाळ होत आलीय, आणि मी मघापासून जे सांगायचं टाळतेय ते हे की गेल्या आठवड्यात, कुणाला न कळवता, मी सकाळी फुलबाजारात गेले होते. नदीवर धुकं होतं. हारवाल्या मावशींनी मला ओळखलं, चहा दिला, म्हणाल्या, "थांब, येतीलच." मी घाटाकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या कडेला उभी राहिले. आधी आवाज आला, एकसारखा, थंडीत कुठेही न तुटणारा. मग दिवा. मग मरून टाकी, त्यावर झुकलेली आई, डोक्याला मफलर, पदर कमरेला घट्ट. आणि मागे आप्पा, दोन्ही हातांनी टोपल्या सांभाळत, मान लांब करून तिच्या कानात ओरडत होते, "गिअर टाक! अगं गिअर! उतार हाय फुडं, ब्रेक, ब्रेक!" आई ऐकूच येत नसल्यासारखी रस्ता उतरत होती, आणि वाटेतल्या प्रत्येक फूलवाल्याला हॉर्न देत होती.